जीपची पुढची चाकं

जुनी जीप ज्याच्या दारात उभी आहे, किंवा शेजाऱ्याच्या दारात असून जी अडल्या वेळी आपल्याला ढकलावी लागते, त्याच्या ओळखीचा एक प्रसंग सांगतो. पावसाळ्यात ओढ्याच्या चिखलातून गाडी काढायची म्हणून चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. गाडी निघाली. पुढं डांबरी सडक लागली, दोन-चार वळणं झाली आणि आता तो दांडा काही केल्या सुटेना! स्टेअरिंग जड झालं, वळताना गाडी कण्हू लागली. मग मिस्त्री आला आणि त्यानं गिअरबॉक्सच्या मागची दुसरी पेटी, म्हणजे ट्रान्स्फर केस, खोलायला घेतली.

माझ्या गाडीची ही पेटी दोन वेळा खोलली गेली. दात साबूत, बेअरिंगं साबूत. पैसे तेवढे गेले. दोष पेटीत नव्हताच. तो कुठं होता हे समजायला या गाडीच्या जन्मापर्यंत मागं जावं लागतं.

मोटारीच्या आरंभीच्या काळात कामाची वाटणी बहुधा अशी असे : ढकलायचं मागच्या चाकांनी, वळायचं पुढच्यांनी. बैलगाडीची सवय असलेल्या आपल्याला हे उलटंच वाटेल, कारण आपली गाडी पुढून ओढली जाते. पुढच्या चाकांनाही जोर द्यावा असं अनेकांच्या मनात आलं. पण अडचण ही की ते चाक वळतं, आणि वळणाऱ्या चाकाला सरळ दांडा फिरवणार कसा? मध्ये सांधा हवा. १९०८ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल या लहान गावी ऑटो झाखोव आणि विल्यम बेसरडिच या दोघा कारागिरांनी असा सांधा बसवून चार चाकांची गाडी चालवून दाखवली. पहिल्या महायुद्धात त्या जातीचे हजारो ट्रक चिखलातून तोफा आणि रसद ओढीत होते.

तरी सांधा ही दुखरी जागा राहिलीच. साधा क्रॉसचा सांधा तिरका धरला, की एका फेऱ्यात दोनदा पुढं पळतो आणि दोनदा मागं रेंगाळतो. छत्रीच्या दोन काड्या आणि तारेचा तुकडा घेऊन शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. गती न मोडता वळणारा सांधा पुढं १९२० नंतरच्या दशकात तयार झाला : फ्रान्समध्ये फेनाय आणि ग्रेग्वार यांचा, अमेरिकेत झेप्पा यांचा. तो नसता तर जीप झाली नसती.

आता १९४० साल. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकेच्या लष्करानं १३५ कारखान्यांना विचारलं, की हलकी, चारही चाकांनी चालणारी गाडी कोण करून देतो? नमुन्यासाठी मुदत ४९ दिवसांची! बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीनं कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला बोलावून आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत गाडी नेऊन उभी केली. इतक्या घाईत नवं काय घडवणार? बाजारात मिळतील ते भाग घेतले, आणि पुढचा व मागचा आस तर स्टुडबेकरच्या एका प्रवासी मोटारीच्या आसावरून बेतला. पुढं विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या.

आपल्या दांड्याचं मूळ याच घडणीत आहे. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, मागची लहान वर्तुळात. जीपच्या दोन आसांतलं अंतर ८० इंच. मागचा आस सहा मीटर त्रिज्येनं वळला, तर पुढच्याला सुमारे साडेपाच टक्के वाट जास्त कापावी लागते. हा फरक सांभाळायला पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल लागतं. जीपमध्ये ते नाही. दांडा ओढला की दोन्ही आस एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक जिरून जातो. कोरड्या सडकेवर घसरायला वाव नाही. मग पीळ सगळ्या दांड्यांत आणि दातांत साठतो, नि दात एकमेकांना सोडीत नाहीत. म्हणूनच युद्धातल्या जीपच्या चालकासमोर धातूची पट्टी ठोकलेली असे, आणि कोरड्या, कठीण रस्त्यावर पुढच्या आसाचा जोर काढा, अशी सूचना तिच्यावर होती.

१९४७ साली विलीज जीपा भारतात आणण्याचं काम महिंद्रांनी घेतलं आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला त्यांची जोडणी होऊ लागली. गाड्या टिकाऊ, एकीचे चार-पाच मालक होत. पण पट्टी कुठं रंगाखाली बुजली, कुठं पडली, आणि ज्याला ती वाचता येत होती तो पहिला मालकही गेला. गाडी राहिली, सूचना हरवली.

तेव्हा पेटी खोलण्याआधी काय पाहाल? आधी वाकून पुढच्या आसाला डिफरन्शियलचा गोळा आहे का ते पाहा. हसू नका, पुढच्या काळात दोनच चाकांना जोर असलेल्या गाड्याही पुष्कळ विकल्या गेल्या. दांडा अडकला असेल तर हातोडी नको. गाडी सरळ रेषेत थोडी मागं घ्या, पीळ उलगडतो आणि दांडा बहुधा हातानं सुटतो. मोठ्या ओढीचा म्हणजे लो गिअर पडत नसेल, तर पुढच्या आसाचा दांडा पुरता बसला आहे का ते बघा. त्याच्याशिवाय लो पडूच नये, अशी कडीच आत ठेवलेली आहे, नाहीतर सगळा भार एकट्या मागच्या आसावर येईल. वळताना पुढच्या चाकाशी टकटक होत असेल, तर तो वर सांगितलेला सांधा झिजल्याचा आवाज समजा.

गाडी चिखलात रुतली, मागचं चाक फिरतंय आणि पुढचं हलत नाही, तेव्हा दूर उभं राहून पुढच्या आसाकडे जाणारा लांब दांडा पाहा. चालू इंजिनाखाली कुणी निजू नये. तो फिरत नसेल तर दोष ट्रान्स्फर केसकडे. फिरत असेल तर चाकाकडे, आणि तिथं नंतर बसवलेले, हातानं फिरवायचे हब असतील तर दोन्ही तपासा. एका बाजूचा हब मोकळा राहिला, तर डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला घालवतं, आणि बांधलेलं चाकही जागचं हलत नाही. पुष्कळांचा चार चाकांवरचा विश्वास या एका हबानं उडालेला आहे.

राहिले टायर. माझ्या गाडीचं दुखणं तेच होतं. मागं गुळगुळीत झालेले, पुढं नवे. व्यासात एक इंचाचा फरक असला, तर साधारण अठ्ठावीस इंची चाकाला एका किलोमीटरमागं सोळा-सतरा फेऱ्यांचा फरक पडतो. म्हणजे मी सरळ रस्त्यावरून जात होतो आणि माझी जीप सारा वेळ जणू वळण घेत होती. मागं चांगले जुळणारे दोन टायर टाकले, आणि पुढच्या पावसाळ्यात ओढा ओलांडून सडकेला लागलो, तेव्हा दांडा दोन बोटांनी सुटला. दोनदा पेटी खोलणारा मिस्त्री शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. उतरून टायरांची उंची मात्र वितीनं मोजू लागला.