टंचाईचा आराखडा आणि गावची माणसं

ऑक्टोबर उजाडला की बीडचं जिल्हा प्रशासन टंचाई आराखड्याला हात घालतं. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. टँकर कुठे लागतील, कुठली विहीर अधिग्रहित करायची, याची गाववार यादी होते. नेमक्या याच सुमारास, दसरा-दिवाळीच्या आगेमागे, कोयता घेतलेल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. गावात उरतात म्हातारी माणसं, काही पोरं आणि गुरं. पाण्याच्या हंड्यासाठी चालत जाणार कोण, कुणाच्या घराला कुलूप आहे, हे जनगणनेच्या आकड्यातून कळत नाही. ते ठाऊक असतं गावात वर्षभर काम करणाऱ्या संस्थेला.

ही गोष्ट राज्यानं सावकाश शिकली. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामं हाच मोठा आधार होता. खडी फोडायला, तलावाच्या बांधावर माती टाकायला माणसं लोटली; 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या मजुरांचा आकडा सुमारे 50 लाखांवर गेला. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. उपासमार रोखण्याचं हे काम फार मोठं होतं, यात शंका नाही. पण कुठलं काम काढायचं हे वरून ठरे आणि गावाच्या वाट्याला यायची ती मस्टरवरची हजेरी.

याहून वेगळी वाट बीड जिल्ह्यातच दिसली. अंबाजोगाईत 1982 साली डॉ. द्वारकादास लोहिया यांनी ‘मानवलोक’ ही संस्था उभी केली. लोहिया समाजवादी चळवळीतले. त्यांच्यासोबत शैला लोहिया होत्या. ‘मनस्विनी’ प्रकल्पातून त्यांनी एकट्या पडलेल्या बायकांसाठी काम केलं. पाणलोट, शेती, बायकांचे प्रश्न अशी कामं दुष्काळ नसतानाही चालू राहिली आणि खरं महत्त्व त्यालाच आहे. 2012-13 चा दुष्काळ पडला तेव्हा संस्थेला गावाची ओळख नव्यानं करून घ्यावी लागली नाही. नदी-नाल्यांच्या खोलीकरणाला ती थेट लागली.

मधल्या काळात शेजारी किल्लारी भूकंपानं हादरली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली. पुनर्वसनात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. घर कसं बांधायचं हे त्या इंजिनिअरशी बोलू लागल्या. भूकंपाआधी घरातही ज्यांचं मत कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यावर सरकारी कार्यक्रमानं विसंबावं, हा बदल मोठाच म्हणायचा.

बीडमध्ये संस्थांची खरी कसोटी लागली ती दुष्काळात जनावरांसाठी उघडलेल्या चारा छावणीत. 2019 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात 600 च्या आसपास छावण्या होत्या. परवानगी प्रशासनाची, पण छावणी चालवायची एखाद्या संस्थेनं: चारा आणायचा, पाणी भरायचं, जनावरांची रोजची नोंद ठेवायची आणि बिल मिळेपर्यंत खर्च पदरचा करायचा. काही ठिकाणी जनावरांचे आकडे फुगवलेले निघाले आणि कारवाई झाली. संस्थेवर भार टाकताना तिच्या कामाची तपासणीही आधीच ठरलेली हवी, हे यातून उघड झालं. त्याच वर्षी जिल्ह्यातल्याच दहिवंडीच्या शब्बीर सय्यद यांना पद्मश्री मिळाली. गुरं सांभाळण्याचं त्यांचं काम सरकारी अनुदानाची वाट पाहून सुरू झालेलं नव्हतं.

कायद्यात हे सगळं कधीच आलेलं आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 30 मध्ये जिल्हा प्राधिकरणाच्या कामांत गावपातळीवरच्या स्वयंसेवी संस्थांना सहभागी करून घेणंही येतं. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. अडचण एवढीच की संस्थांना बोलावणं येतं ते बहुधा संकट दारात उभं राहिल्यावर.

एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत ऊसतोड कामगार कारखान्यांवर अडकले. राज्य सरकारनं 17 एप्रिलला लाखाहून अधिक कामगारांना घरी परतण्याची मुभा दिली. त्यांत बीडचे कितीतरी. ते आले तेव्हा गावानं त्यांना कुठे ठेवायचं, खाऊ काय घालायचं, हा प्रश्न ऐनवेळी ग्रामपंचायतींपुढे पडला. कुठल्या गावातून किती टोळ्या गेल्या, त्यांच्यासोबत लेकरं किती, याची यादी ऑक्टोबरच्या बैठकीतच टंचाई आराखड्याला जोडता आली असती.