बांबोळीक व्हरा

कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता फुटतो. दक्षिणेला थोड्याच अंतरावर ओरोस, म्हणजे सिंधुदुर्गनगरी. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय सगळं तिथेच. म्हणजे आम्ही जिल्ह्याच्या मुख्यालयाला अगदी खेटून राहतो. तरीही कुणाच्या डोक्याला जबर मार लागला किंवा हृदयाचं काही निघालं की घरात एक वाक्य ठरलेलं: ‘बांबोळीक व्हरूक सांगल्यानी.’ बांबोळी म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. कसालपासून सुमारे शंभर किलोमीटर, आणि तेही दुसऱ्या राज्यात.

हे असं का, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. उत्तर शोधत गेलो तर थेट 1842 साल लागलं. त्या वर्षी पोर्तुगीजांनी पणजीत वैद्यकीय शाळा काढली. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी, 1845 मध्ये सुरू झालं. गोवा मुक्त झाल्यावर त्याच शाळेच्या परंपरेतून 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज उभं राहिलं आणि काही काळ ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. इकडे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत मिळून 2021 पर्यंत एकही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. आमच्यासाठी मुंबई लांब, कोल्हापूर घाटापलीकडे. राहिलं बांबोळी.

पण असं व्हायला नको, हे कुणीतरी खूप आधी लिहून ठेवलं होतं. सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. 1943 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यावर समिती नेमली आणि 1946 मध्ये तिचा अहवाल आला. त्यातली दोन सूत्रं आजही ताजी वाटतात. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे पहिलं. आणि दवाखाना लोकांच्या शक्य तितका जवळ हवा, हे दुसरं. सुरुवातीला 40 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथे दोन डॉक्टर, शिवाय परिचारिका आणि सुईणी. पुढच्या टप्प्यात सुमारे 30 लाखांच्या जिल्ह्याला 2,500 खाटांचं रुग्णालय. हे प्रमाण आमच्या साडेआठ लाखांच्या जिल्ह्याला लावून पाहिलं, तर एकट्या जिल्हा रुग्णालयात सातशे खाटा लागतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा आराखडा घेतला, पण पातळ करून. 1952 पासून विकास गटाला एक आरोग्य केंद्र असं सूत्र आलं आणि गट भोर समितीच्या 40 हजारांपेक्षा पुष्कळ मोठे होते. पुढे 30 हजार लोकांमागे, डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक केंद्र असा निकष ठरला. इमारती झाल्या. वरच्या पायरीवरचे तज्ज्ञ मात्र कोकणात टिकेनात. 1981 मध्ये महाराष्ट्रदिनी सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, जिल्हा रुग्णालय आलं, पण बांबोळीची वाट काही मोडली नाही.

या वाटेला कागदावर आधार नव्हता. 1919 च्या कायद्याने आरोग्य हा विषय प्रांतांकडे गेला आणि राज्यघटनेनेही तो राज्यांच्याच यादीत ठेवला. म्हणजे गोवा सरकार आपल्या करदात्याला बांधील, आमच्याशी नाही. आमचं बांबोळीला जाणं हा शेजारधर्म होता, हक्क नव्हता. 1 जानेवारी 2018 पासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा हा फरक एकदम उघडा पडला. दोडामार्गला आंदोलन झालं. राग गोव्यावर निघाला, पण मला वाटतं प्रश्न मुंबईला विचारायचा होता. शेजाऱ्याच्या विहिरीवर इतकी वर्षं पाणी भरलं, तर आपल्या परसात विहीर का खणली गेली नाही?

ती खणायला 2021 साल उजाडलं. त्या वर्षी सिंधुदुर्गला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, 100 जागांचं. मग 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. भोर समितीचं पहिलं सूत्र कागदावर यायला अहवालापासून 77 वर्षं लागली.

दुसरं सूत्र अजून बाकी आहे. फुकट आणि जवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो डॉक्टर जागेवरच नाही, त्याची फी माफ करून रुग्णाच्या हाती काय लागतं? कॉलेजची पाटी लागली म्हणजे न्यूरोसर्जन आला असं होत नाही. त्याला इथे घर लागतं, मुलांना शाळा लागते, चालू यंत्रं आणि हाताखाली माणसं लागतात, आणि हे सगळं बजेटमध्ये वर्षानुवर्षं दिसावं लागतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. ते वर्षही आलं आणि गेलं.

म्हणून नव्या इमारतीचे फोटो ग्रुपवर आले की मी खूश होतो, पण मोजमाप वेगळं ठेवतो. रात्री दोन वाजता महामार्गावर अपघात होतो, ॲम्ब्युलन्स कसालला येते. ती ओरोसला वळून तिथेच थांबते, की ओरोसवरून पुढे बांद्याकडे, सरहद्दीकडे निघते? ज्या वर्षी ती बहुतेक वेळा ओरोसलाच थांबेल, त्या वर्षी भोर समितीचा अहवाल आमच्या गावापर्यंत पोचला असं म्हणता येईल.