सिॲटल नगरांतील मानवाधिकार मंडळ व खरेदीखतांतील एक कलम

जुनें खरेदीखत हातीं आलें, कीं संशोधक प्रथम चतुःसीमा पाहतो, मग साक्षी पाहतो. चतुःसीमेवरून जमीन कळते. साक्षींवरून गांव कळतो. प्रस्तुत टिपणांत अमेरिकेंतील सिॲटल नगराच्या एका प्रकरणाचा विचार आम्हीं याच दृष्टीनें केला आहे. विषय दूरदेशचा असला तरी त्याचा एक धागा पुण्यास येऊन मिळतो; तो शेवटीं दाखवूं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील तेथील कित्येक खरेदीखतांत असें कलम आढळतें कीं, ही मिळकत गोऱ्या वंशाच्या मनुष्यावांचून इतरांस विकूं नये, भाड्यानें देऊं नये, व इतरांनीं तेथें राहूं नये. घरचे नोकर मात्र अपवाद. अशीं कलमें न्यायालयांनीं बजावूं नयेत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं दिला. परंतु कलम लुळें पडलें म्हणून वहिवाट मोडत नाहीं. कृष्णवर्णीय लोक बहुशः नगराच्या मध्य भागांतील वस्तींतच कोंडलेले राहिले.

महापौर विल्यम डेव्हिन यांनीं १९४४ सालीं नागरी ऐक्य समिती नेमली होती. तिचें काम समजुतीचें, हुकमाचें नव्हे. पुढें १९६३ च्या जुलैंत कांहीं तरुणांनीं महापौर गॉर्डन क्लिंटन यांच्या कचेरींत ठिय्या दिला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस नगरसभेनें मानवाधिकार मंडळ स्थापिलें. सभासद १२, त्यांत कृष्णवर्णीय दोनच. यावरून पुन्हां आंदोलन होऊन नगरसभेच्या दालनांतच लोकांस अटक झाली.

ही तक्रार महजर वाचणारास सहज समजेल. गोतसभेच्या निवाड्यावर कुणब्याचा नांगर व बलुतेदारांचीं आउतें निशाणीदाखल उमटत, तीं केवळ शोभेसाठीं नव्हेत. ज्याची निशाणी नाहीं, त्याच्या वतीनें बोलण्याचा अधिकार त्या कागदास कितपत, हा प्रश्न तेथेंहि होता आणि येथेंहि होता.

या मंडळानें घरविक्रींतील व भाड्यांतील भेदभाव बंद करणाऱ्या कायद्याचा मसुदा रचला. नगरसभेनें तो स्वतः मंजूर न करितां लोकमतावर सोडला. १० मार्च १९६४ रोजीं मसुद्याच्या बाजूनें ५४,४४८ व विरुद्ध १,१५,६२७ मतें पडलीं. दंडशक्ति नसलेल्या मंडळाचा हा पराभवच म्हणावा लागेल. बहुमताच्या दारीं अल्पसंख्याकांचा हक्क मागावयास गेल्यावर दुसरें काय व्हावयाचें?

तथापि विषय तेथें मिटला नाहीं. १९६७ सालीं सॅम स्मिथ हे नगरसभेंतील पहिले कृष्णवर्णीय सभासद निवडून आले. ४ एप्रिल १९६८ रोजीं मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ११ तारखेस राष्ट्राध्यक्षांनीं देशव्यापी गृहकायद्यावर सही केली. आणि १९ तारखेस सिॲटलच्या नगरसभेनें आपला कायदा एकमतानें संमत केला. या यशाचें सर्व श्रेय मंडळास देणें हा इतिहासाशीं अन्याय होईल. त्यांत चळवळीचा, निवडणुकीचा व त्या शोकाचाहि वांटा मोठा आहे. परंतु जो प्रश्न तोंपर्यंत शेजाऱ्याशेजाऱ्यांत कुजबुजीचा होता, त्यास मंडळानें लेखी रूप देऊन चव्हाट्यावर आणिलें, एवढें निश्चित.

आतां पुण्याचा धागा. २१ फेब्रुवारी २०२३ रोजीं याच नगरसभेनें जातिभेदास कायद्यानें मनाई केली. अमेरिकेंतील नगरांत हें पहिलेंच. ठराव मांडणाऱ्या सभासद क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. ठरावास सहा मतें अनुकूल व एक प्रतिकूल पडलें. आमची जात समुद्र ओलांडून गेली, आणि तिच्यामागून तिच्यावरील तक्रारहि गेली.

त्या वॉशिंग्टन राज्यानें २०२१ सालीं कायदा करून दोन विद्यापीठांस हीं जुनीं कलमें शोधून काढण्याचें काम सोंपविलें. येथेंच संग्राहकांस आमची विनंती आहे. पेशवेकालीन कागदांतहि जातिपरत्वें घातलेले निर्बंध आढळतात. असा कागद रुमालांत सांपडला असतां तो लाजेनें मागें सारूं नये, कीं अभिमानानें मिरवूं नये; चतुःसीमा, साक्षी व निशाण्या यांसह जसाच्या तसा छापावा. ज्यांच्याविरुद्ध तो लिहिला गेला, त्यांच्यापाशीं अनेकदां तोच एक पुरावा असतो.