उदगीरला वेढा पडलाय, गढीत चला

साल 1636, श्रावण. उदगीरची वाट बंद आहे. मे महिन्यात शाहजहान आणि विजापूरकरांचा तह होऊन निजामशाही वाटली गेली, तरी उदगीर-औशाचे किल्लेदार वाकत नाहीत. शाहजहानचा सरदार खान दौरान याची फौज वेढा घालून बसली आहे. फौजेच्या घोड्यांना चारा लागतो, माणसांना धान्य, आणि ते ओरबाडलं जातं आसपासच्या गावांतूनच. म्हणून गावाबरोबर तुम्हीही पाटलांच्या गढीत शिरता.

दिंडी-दरवाजातून वाकूनच आत यावं लागतं. हाताला लागते ती पांढऱ्या मातीची ओलसर भिंत, पायथ्याला खोलीएवढी रुंद. गढीला खंदक नाही. उदगीरला खंदक आहे, कंधारच्या खंदकात तर पाणी असतं. पण ती राजांची कामं. इंग्लंडात तेराव्या शतकात सुखवस्तू शेतकरीसुद्धा घराभोवती खंदक खणत. तिथल्या चिकणमातीत पाणी टिके. आपल्याकडे चैत्र-वैशाखात आड तळाला जातात, तिथे चराची काय कथा! म्हणून इथल्या माणसानं पाण्याचा नाद सोडून उंची धरली.

चौकात पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, उघडताहेत. तोंडावरचं लिंपण फोडून झाकणाचा दगड सरकवला, की सगळे मागे होतात. एकजण दोरीला दिवा बांधून खाली सोडतो. दिवा विझतो. कोंडलेल्या हवेत उतरलेला माणूस ओरडायच्या आतच जातो, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक आहे. बऱ्याच वेळानं पुन्हा सोडलेला दिवा तेवत राहतो, तेव्हाच कमरेला दोर बांधून गडी उतरतो. टोपल्यांतून ज्वारी वर येते, आंबूस वासाची, पण कोरडी. बियाणं पेवात नाही. ते वर कणगीत, राख आणि कडुनिंबाच्या पाल्यात आहे. भुकेल्या पोरांकडे बघूनही पाटलीणबाई त्याला हात लावू देत नाहीत.

सप्टेंबरअखेर उदगीर पडतं, ऑक्टोबरात औसा. तेच दिवस रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचे. कणगी उघडते.

जवळपास चारशे वर्षं ओलांडून परत या. नांदेड-लातूरच्या कितीतरी गावांत गढीचे बुरूज अजून उभे आहेत. किल्ल्यांना निदान पुरातत्त्व खात्याची पाटी लाभली. गढीची माती मात्र कुणी शेतात टाकायला नेतं, कुणी माळवदावर पसरायला. प्रत्येक गढी राखता येणार नाही, हे मान्य. पण तिची मोजमापं घेऊन नकाशा तरी काढायला हवा, पेवांच्या जागांसकट, आणि त्या जागा दाखवू शकणारी म्हातारी माणसं गावात आहेत तोवरच.