ओहमची सव्वावीस इंच तार

मोबाइलच्या चार्जरला मल्टिमीटर लावला तर ५ व्होल्ट दिसतात, तरी फोन काही चार्ज होत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. मग दोष फोनच्या माथी बसतो. वास्तविक मल्टिमीटर चार्जरकडून जवळजवळ काहीच विद्युतधारा घेत नाही. रिकाम्या गाडीला जुंपून बैलाची ताकद जोखावी, तसे हे झाले. उगमाची परीक्षा भार घालूनच होते.

ही गोष्ट सूत्रात प्रथम मांडली ती एका शाळामास्तराने. जॉर्ज सायमन ओहम १८१७ पासून जर्मनीतील कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकी शिकवत असे. वडील कुलपे बनवणारे, त्यामुळे उपकरणे स्वतः घडवण्याचा हात त्याला होता. तारेची लांबी वाढवली की धारा किती घटते, हे त्याला मोजायचे होते. उगम म्हणून त्याने व्होल्टाची घटमाला घेतली. पण धारा वाहू लागताच तांब्याच्या पत्र्यांवर हायड्रोजनचे बुडबुडे जमत आणि विभवांतर घसरू लागे. १८२५ मध्ये ओहमने लांबी व धारा यांत लॉगरिथमचा संबंध असल्याचे प्रसिद्ध केले. तो चुकीचा होता!

पोगेनडॉर्फने त्याला उगमच बदलण्याचे सुचवले. झेबेकने १८२१ मध्ये शोधलेला उष्माविद्युत परिणाम हाताशी होताच. बिस्मथच्या पट्टीला दोन्ही टोकांना तांबे जोडून ओहमने एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. विभवांतर अगदी थोडे, पण स्थिर. मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या आठ तारा आळीपाळीने जोडून, टांगलेल्या चुंबकसुईवरून त्याने धारा मोजली. १८२६ मध्ये सूत्र मिळाले: धारा = अ ÷ (ब + तारेची लांबी).

यातला ‘ब’ पाठ्यपुस्तकात सहसा मागे पडतो. त्याची किंमत सुमारे सव्वावीस आली. म्हणजे तार कितीही आखूड घेतली, तरी उगमासह उरलेले मंडल आणखी सव्वावीस इंच तारेइतका रोध करतच होते. सविस्तर ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मात्र १८४१ मध्ये मिळाले.

चार्जरची परीक्षा याच रीतीने वर्गात करता येते. जुन्या, चपट्या यूएसबी तोंडाचा चार्जर घ्यावा. टाइप-सी तोंडाचे अनेक चार्जर नुसता रोधक जोडल्यास ५ व्होल्ट देतच नाहीत. वायरीच्या लाल व काळ्या तारांमध्ये १० ओहमचा, १० वॅटचा सिमेंटचा रोधक जोडावा. ५ व्होल्टला ०.५ अँपिअर धारा वाहते आणि अडीच वॅट उष्णता निघते. रोधक फरशीवर ठेवावा, हात लावू नये. समजा, भाराविना ५.१ व्होल्ट होते आणि भारासह ४.८ उरले. धारा ०.४८ अँपिअर, घट ०.३ व्होल्ट, म्हणजे ‘ब’ सुमारे ०.६ ओहम. चार्जरवर १ अँपिअर लिहिले असेल, तर असेच दोन रोधक समांतर जोडून पाहावे. चांगला चार्जर आपल्या क्षमतेपर्यंत विभवांतर सांभाळतो. कमअस्सल चार्जर येथे एकदम कोसळतो.

मात्र त्याला नापास करण्यापूर्वी वायर बदलून पाहावी. पुष्कळदा ‘ब’चा मोठा वाटा त्या बारीक तारेचाच निघतो.