गाण्याची कच्ची वही

विज्ञानाच्या प्रयोगासाठी विद्यार्थ्याकडे दोन वह्या असतात. कच्च्या वहीत खाडाखोड असते, चुकलेली वाचने असतात, मधेच सोडून दिलेली आकडेमोड असते. पक्क्या वहीत आकृती रेखीव असते आणि उत्तर पाठ्यपुस्तकात दिल्याप्रमाणेच येते. परीक्षकांपुढे पक्की वही जाते आणि कच्ची रद्दीत जाते. विज्ञानाच्या इतिहासाचेही बरेचसे असेच होते. प्रसिद्ध झालेला शोधनिबंध ही पक्की वहीच असते. तिथवर पोहोचताना किती वाटा चुकल्या, हे त्यात लिहिलेले नसते.

म्हणून एखाद्या निर्मितीची कच्ची वही शाबूत सापडली, की आम्हा संशोधकांना तिचे कुतूहल वाटते. अशी एक वही आम्हाला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटली. ती म्हणजे रॉक संगीतातील गाजलेल्या अल्बमांच्या जडणघडणीवर काढलेले दूरचित्रवाणी माहितीपट.

बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम १९६७ साली निघाला. त्याला २५ वर्षे झाली तेव्हा, म्हणजे १९९२ साली, ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्याची जन्मकथा सांगणारा माहितीपट दाखवला गेला. त्यात अल्बमचे निर्माते जॉर्ज मार्टिन ध्वनिमिश्रणाच्या फलकासमोर बसतात आणि मूळ फीत लावून फलकावरची एकेक सरकती कळ वर नेतात. एका कळीबरोबर नुसता गाण्याचा आवाज येतो, दुसरीबरोबर नुसता ढोल. जे गाणे जगाने अखंड ऐकले होते ते थराथराने सुटे होते. १९९७ पासून ‘क्लासिक अल्बम्स’ नावाची मालिकाच दूरचित्रवाणीवर सुरू झाली आणि फलकासमोरचा हा प्रसंग अशा माहितीपटांची ओळख बनला.

हे शक्य होते ते चुंबकीय फितीमुळे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा लेप असतो. ध्वनीचे रूपांतर विद्युतप्रवाहात होते, आणि त्या प्रवाहाच्या चढउतारानुसार कण चुंबकित होतात. फितीच्या रुंदीवर शेजारीशेजारी अनेक समांतर पट्टे आखले, तर प्रत्येक पट्ट्यावर वेगळा आवाज, तोही वेगळ्या दिवशी, मुद्रित करता येतो. रस्ता एकच, पण त्यावर अनेक गाड्या स्वतंत्रपणे धावाव्यात, तसे हे असते.

१९६७ साली लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत अशा चारच पट्ट्या उपलब्ध होत्या. चारही भरल्या की त्यांतला आवाज एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्टीवर उतरवायचा आणि उरलेल्या तीन पट्ट्यांवर पुढचे काम करायचे, अशी युक्ती होती. मात्र तिची किंमत मोजावी लागे. फितीची स्वतःची खरखर प्रत्येक नकलेबरोबर वाढे. शिवाय एकदा मिसळलेले आवाज वेगळे करता येत नसत, दुधात विरघळलेली साखर चिमटीने काढता येत नाही तसेच. म्हणजे ही कच्ची वहीसुद्धा पूर्ण नसते. तिची काही पाने तिच्याच पुढच्या पानांखाली गाडली गेलेली असतात.

तरीही काही खुणा उरतात. याच अल्बमच्या शेवटच्या गाण्यात, ‘अ डे इन द लाइफ’मध्ये, दोन भागांच्या मधली २४ आवर्तने सुरुवातीला कोरी ठेवली होती. तिथे काय वाजवायचे ते ठरलेले नव्हते. जागा चुकू नये म्हणून मॅल एव्हान्स या सहायकाने आवर्तने मोठ्याने मोजली आणि शेवटी गजराचे घड्याळ वाजवले. १० फेब्रुवारी १९६७ रोजी चाळीस वादकांच्या वाद्यमेळाने ती जागा भरली. पण गजर तसाच राहिला. कारण पुढचा भाग झोपेतून उठण्याने सुरू होतो आणि गजर तिथे चपखल बसला. इमारत पुरी झाल्यावर परांची उतरवतात. इथे परांचीचा एक बांबू इमारतीचाच भाग झाला. हे कळल्यावर त्या गजराकडे केवळ एक कल्पक चमत्कृती म्हणून पाहता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला थोडे जवळचे आहे. क्वीन या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, पण त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याचे गाणे १९७५ सालचे. तोवर फितीवर २४ पट्ट्या आल्या होत्या. तरी त्यातील समूहगानासाठी तिघांचे आवाज इतक्या वेळा एकावर एक चढवले गेले, की फीत झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला, असे ते करणारेच सांगतात. २००६ साली निघालेल्या माहितीपटात गिटारवादक ब्रायन मे फलकासमोर बसून ही वीण उलगडतात. मर्क्युरी १९९१ सालीच गेला होता. इतरांप्रमाणे आपली आठवण सांगायला तो येऊ शकत नव्हता. पण फितीवर त्याचे गाणे होते. मे हे भौतिकीचे पदवीधर. सत्तरच्या दशकात अर्धवट राहिलेला, सूर्यमालेतील धुळीच्या गतीवरील प्रबंध पुरा करून २००७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. जुन्या नोंदी जपून ठेवण्याचे मोल त्यांना दोन्हीकडून ठाऊक असावे.

मात्र इतिहासाचे साधन म्हणून हे माहितीपट पाहताना सावध राहायला हवे. त्यांत दोन प्रकारचे पुरावे असतात, फीत आणि आठवण. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त १८० थर आहेत असे सांगितले जाते. आवाज मिसळून गेल्यावर अंतिम फितीवरून हा आकडा मोजता येत नाही. तो आठवणीचा आकडा आहे आणि सांगून सांगून आठवण गुळगुळीत होते. दुसरे असे की माहितीपट निघतात ते गाजलेल्या अल्बमांवर. तशीच धडपड करून फसलेल्यांवर कोणी काढत नाही. त्यामुळे प्रत्येक अपघात शुभशकुनासारखा भासू लागतो.

तिसरी गोष्ट श्रेयाची. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या अल्बममध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ही रचना आहे. तिच्यात क्लेअर टॉरी या गायिकेने शब्दांशिवाय, नुसत्या स्वरांनी गायन केले. ते तिने ध्वनिमुद्रणाच्या वेळीच उत्स्फूर्तपणे रचले. मोबदला मिळाला ३० पौंड. रचनाकार म्हणून नाव मात्र एकट्या रिचर्ड राइट यांचे लागले. या अल्बमवरचा माहितीपट २००३ सालचा. टॉरीने २००४ साली दावा लावला, २००५ साली तडजोड झाली आणि त्यानंतर राइट यांच्या जोडीने तिचेही नाव लागू लागले. तिचा आवाज बत्तीस वर्षे घरोघर वाजत होता. पुरावा सर्वांच्या कानांवर पडत होता, तरी नोंद चुकीचीच राहिली. प्रयोगशाळेत उपकरण जुळवून देणाऱ्या सहायकाचे नाव निबंधातून गळते, तेव्हा वेगळे काय होते?

आता आमची एक गोष्ट सांगतो. महाविद्यालयात असताना लंबकाच्या प्रयोगावरून गुरुत्वीय त्वरण काढताना आम्हाला वारंवार अपेक्षेपेक्षा कमी उत्तर येई. आम्ही पक्क्या वहीत ९.८ येईल अशी वाचने लिहिली आणि पूर्ण गुण मिळवले. चूक कुठे होती, दोरीची लांबी मोजण्यात की आंदोलने मोजण्यात, हे शोधायची सोय राहिली नाही. कच्ची वही आम्हीच फेकून दिली होती. आज संशोधनात वावरताना त्या पूर्ण गुणांची लाज वाटते.

मार्टिन यांना पंचवीस वर्षांनी गाणे उलगडून दाखवता आले, कारण कोणीतरी त्या फिती जपल्या होत्या. शिक्षकमित्रांना आमची विनंती एवढीच, की विद्यार्थ्यांची पक्की वही तपासताना कच्चीही मागावी. तिच्यातल्या खाडाखोडीवर लाल शाई न वापरता ‘हे असे का आले?’ एवढेच विचारावे. आणि प्रयोगात ज्याने घड्याळ धरले, त्याचेही नाव वहीवर लिहायला सांगावे.