शाळेची शाकारणी

स्मरणिकेसाठी मंडळाच्या इतिहासावर चार पाने लिहावीत, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. लिहावयास बसले, आणि ध्यानात आले की आपल्या मंडळाची पहिली सभा ज्या ओसरीवर भरली ती शाळेची ओसरी आता उभी नाही. तेव्हा भगिनींनो, मंडळाचा इतिहास दुसऱ्या कोणी लिहावा. मी त्या ओसरीचा लिहिते. त्या शाळेत मी पुष्कळ वर्षे शिकविले, एवढाच माझा अधिकार.

आपल्याकडे मुलींची शाळा सुरू झाली तीच मुळी दुसऱ्याच्या वास्तूत. १८४८ साली पुण्यास बुधवार पेठेत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. ३ जानेवारीस आपण सावित्रीबाईंची जयंती करतो, भाषणे होतात. पण त्या वाड्याचे पुढे काय झाले हे कोणी सांगत नाही. वाडा वर्षानुवर्षे खचत राहिला. स्मारक करावयाचे ठरले, तर जागेचा वाद कोर्टात गेला. अखेर निकाल लागून २०२३ च्या डिसेंबरात जागा महापालिकेच्या ताब्यात आली, तेव्हा वाडा पाडूनच टाकावा लागला.

खेड्यातली शाळाही अशीच देवळात, चावडीवर, नाहीतर कोणाच्या पडवीत भरावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई इलाख्यात लोकल फंड आला. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यावयाचा आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावावयाचा, अशी ती योजना होती. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती गेल्या, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. शाळेचा मालक असा बदलत गेला. पावसाळ्याच्या तोंडी शिडी लावून छपरावर चढणार कोण, हा प्रश्न मात्र गावात होता तसाच राहिला.

शाकारणी म्हणजे काय हे आपल्याला सांगावयास नको. वैशाखात कौले उतरवावी, फुटकी वेगळी काढावी, कुजका वासा बदलावा आणि मृगाआधी छप्पर पुन्हा बसवावे. आपल्या सासवांनी एक वर्ष चुकविले नाही. गावची शाळा १९५६ साली वर्गणी आणि श्रमदान यांतून बांधली गेली. दगडमातीच्या भिंती, वर मंगलोरी कौले. बायकांनी डोक्यावरून माती वाहिली, असे जुन्या बायका मला सांगत. तोवर शाळेची शाकारणीही गावच करी. पुढे 'ती सरकारी इमारत आहे' असे आपणच म्हणू लागलो आणि शिडी घरी ठेवली. दोष सगळा वरच्यांचा नाही, हे मला खचित वाटते.

वरून पैसा येई, पण त्याचा महिना निराळा असे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणून मंजुरी बहुधा त्याच महिन्यात धावत येते आणि खर्चाची पावती त्याच महिन्यात मागते. कामाचे खरे दिवस एप्रिल-मे. तोवर पैसा परत तरी गेलेला असतो, नाहीतर चुना-रंगात संपलेला असतो. नव्या खोल्यांसाठी योजना आल्या. १९८७ मध्ये खडूफळा मोहीम आली, निदान दोन चांगल्या खोल्या असाव्यात म्हणून. पुढे सर्व शिक्षा अभियान आले. नव्या खोलीचे उद्घाटन होते, कोनशिला बसते. बदललेल्या वाशाची कोनशिला कोण बसविणार?

१९९८ च्या श्रावणात आमच्या शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीला पोट आले. मुख्याध्यापकांनी वर्ग बंद करून दारास दोर बांधला व कचेरीस पत्र लिहिले. तेव्हा 'निर्लेखन' हा शब्द मी प्रथम ऐकला. सरकारी इमारत मोडकळीस आली तरी दप्तरातून ती कमी झाल्यावाचून कोणाला तिचा दगड हलविता येत नाही. ठराव करावा, अभियंत्याने पाहणी करावी, कागद तालुक्यास जावा, तेथून जिल्ह्यास. आणि जुनी खोली कागदावर उभी असेतो नवी मिळणे कठीण. नियम एका अर्थी बरा आहे, नाहीतर शाळांचे सागवान कोणाच्या घरी लागले असते ते सांगता येत नाही. पण भिंतीला तो नियम ठाऊक नव्हता.

सहावी-सातवीचे वर्ग मारुतीच्या सभामंडपात हलविले. सर्वांना ते सोयीचे वाटले, मलाही. दोन महिन्यांनी हजेरीपट चाळताना दिसले की सातवीच्या काही मुली दर महिन्यास चार दिवस गैरहजर आहेत. ज्यांना न्हाण आले होते त्या देवळाची पायरी चढत नव्हत्या, आणि घरची माणसे पाठवीत नव्हती. कोणी बोलले नाही. कागदावर शाळा नियमित भरत होती. एक मुलगी गणितात माझ्याहून चपळ होती. वार्षिक परीक्षेचे दिवस नेमके तिच्या अडचणीत आले. पुढच्या वैशाखात तिचे लग्न झाले. मी पेपर घरी नेऊन तिच्याकडून सोडवून घ्यावयास हवा होता. तेव्हा मला ते सुचले नाही.

अशी तीन वर्षे गेली. २००१ च्या आषाढात एका रात्री भिंत आपोआप बसली. सोबत ओसरीही गेली. सुदैवाने आत कोणी नव्हते. पाडण्याची परवानगी भाद्रपदात आली.

आपले सुदैव, एवढेच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला. दगडमातीच्या भिंतींनी तेथे हजारोंचा घास घेतला, पण ते घरांत. तोच धक्का सकाळी अकराला बसता तर शाळांचे काय झाले असते? २८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत भर वर्गात कोसळले; तीन मुले गेली. २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे सात. अशा बातमीनंतर पाहण्या होतात, याद्या होतात, धोक्याच्या खोल्यांवर तांबड्या रंगाने अक्षरे रंगविली जातात.

आमची नवी खोली २००४ साली झाली, स्लॅबची. स्लॅबला शाकारणी लागत नाही, असे आम्हाला वाटले होते. हल्ली ती दोन ठिकाणी गळते आणि खालची गज दिसतात. शाळेचा पट आता तीसच्या आत आला आहे. अनुदान पटावर ठरते. एवढ्या पटाला अलीकडच्या नियमाने वर्षास १०,००० रुपये, त्यातच खडू, वीज, झाडलोट. मुले कमी म्हणून छत कमी गळत नाही, हे मी समितीच्या सभेत बोलले. त्यावर सगळे हसले, आणि ठराव मात्र झाला. अर्ज गेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत अभियंत्यांनी येऊन मापे घेतली. गेल्या पावसाळ्यात मंडळाच्या सात-आठ जणींनी वर्गणी काढून ताडपत्री आणली आणि मुलांकडून नव्हे, स्वतः शिडी धरून ती स्लॅबवर घालून घेतली. ताडपत्री शाळेच्या कपाटात आहे. यंदा मृगाआधी ती पुन्हा घालावयाची आहे.